पिरानचा दगड आणि पिरानचे मीठ

स्लोव्हेनिया या देशाच्या वाट्याला एड्रियाटिक समुद्राचा जो किनारा आला आहे त्याची लांबी 50 किलोमीटरही भरत नाही, आणि त्या चिमुकल्या किनाऱ्यावर, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेल्या एका निमुळत्या भूशिरावर, एकमेकांना खेटून उभ्या राहिलेल्या घरांच्या दाटीत पिरान हे जुने शहर वसलेले आहे. प्रवासी तेथे येतात, तार्तीनीच्या नावाच्या लंबवर्तुळाकार चौकात घटकाभर रेंगाळतात, कोपऱ्यावरील लाल रंगाच्या व्हेनिशियन घराची कोरीव गवाक्षे न्याहाळतात, संत जॉर्जच्या देवालयाचा चढ चढून घंटाघरावरून इटली आणि क्रोएशिया या दोन्ही देशांचे किनारे एकाच दृष्टिक्षेपात पाहतात, तटबंदीवरून कौलारू छपरांचा पसारा डोळ्यांत साठवतात आणि तृप्त होऊन परततात. हे सारे पाहण्याजोगे आहे यात संशय नाही. परंतु ज्या द्रव्याच्या बळावर हा दगड दगडावर चढला ते द्रव्य कोठून आले, हा प्रश्न मनात न आणता जो पिरान पाहतो त्याने पिरानची एकच बाजू पाहिली, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरी बाजू शहराच्या दक्षिणेस काही किलोमीटरवर, द्रागोन्या नदीच्या मुखाशी, सेचोव्ल्येच्या मिठागरांत पसरलेली आहे. तेथे ना मनोरा आहे ना तट, केवळ चिखलाचे बांध, उथळ पाणी आणि वारा आहे, आणि तरीही पिरानचा सर्व इतिहास तेथूनच उगवलेला आहे.

पिरानच्या परिसरातील मिठागरांचा सर्वांत जुना उल्लेख इसवी सन 804 च्या दस्तऐवजापर्यंत मागे नेला जातो, आणि 1274 सालच्या नगराच्या नियमसंहितेत तर मिठागरांना व्यवस्थित स्थान मिळालेले दिसते. पुढे 1283 साली पिरानने व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचे स्वामित्व पत्करले आणि ते 1797 पर्यंत, म्हणजे पाचशे वर्षांहून अधिक काळ, अबाधित राहिले. व्हेनिसच्या वैभवाची गोष्ट निघाली की आपल्यापुढे मिरी, लवंग आणि रेशीम यांनी भरलेली गलबते उभी राहतात. पण ज्या काळी मासे, मांस, चीज आणि कातडी टिकवण्याचा मीठ हाच एक खात्रीचा उपाय होता, त्या काळी मिठावरचा ताबा हा राज्याच्या तिजोरीचा केवढा मोठा आधार असेल याची कल्पना सहज करता येते. व्हेनिसने मिठासाठी स्वतंत्र दप्तर उभारले, आपल्या अंमलाखालील मिठागरांशी करार केले, पीक किती घ्यावे, ते कोणत्या वखारीत जमा करावे, कोणाला आणि काय भावाने विकावे, या सर्वांवर आपला हुकूम चालवला. पिरानच्या मिठागरमालकांना हे जाचक वाटत नव्हते असे नाही, आणि जेथे मक्तेदारी तेथे चोरटा व्यापार हा नियम पिरानच्या इस्त्रिया द्वीपकल्पातही चुकला नाही. आल्प्सकडील मुलूख मिठाचा भुकेला होता, डोंगरवाटांनी लादलेली जनावरे धान्य घेऊन खाली येत आणि मीठ घेऊन वर जात. तरीदेखील या व्यवस्थेने पिरानला एक हुकमी गिऱ्हाईक दिले, आणि शेजारच्या अनेक नगरांची मिठागरे लयाला गेल्यावरही पिरानची टिकून राहिली.

ती टिकण्याचे आणखी एक कारण राजकारणात नसून चिखलात आहे, आणि त्यापाशी थोडे थांबायला हवे. समुद्राचे पाणी उथळ वाफ्यात आटवले की मीठ मागे राहते हे खरे, पण ते तळाच्या मातीसह वर येते आणि काळवंडते. चौदाव्या शतकात पिरानच्या आगरकऱ्यांनी डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरील पाग बेटाकडून एक विद्या उचलली. वाफ्याच्या तळाशी सूक्ष्म जीवांचा, मुख्यतः नीलहरित जिवाणूंचा, जिप्सम आणि इतर खनिजांशी एकजीव झालेला एक थर ते मुद्दाम वाढवू लागले. त्या थराला ते ‘पेतोला’ म्हणतात. त्याची जाडी काही मिलिमीटरच असते, हाताला तो चिवट आणि किंचित रबरी लागतो, आणि मीठ व माती यांच्यामध्ये तो असा काही आडवा येतो की वर जमणारे स्फटिक पांढरेशुभ्र राहतात. शिवाय पाण्यातील काही नकोसे क्षारही तो अडवतो असे जाणकार सांगतात. मात्र ही चादर एकदा अंथरली आणि काम झाले असे होत नाही. हिवाळ्यात तिच्यावर पाणी ठेवून तिला जपावे लागते, वसंतात साफ करावे लागते, सपाट करावे लागते, जेथे फाटली तेथे पुन्हा जुळवावी लागते. आणि मीठ ओढताना पायाखाली ती दुखावू नये म्हणून आगरकरी पायांत रुंद लाकडी खडावा घालीत असत. सहाशे वर्षे पिढ्यान्‌पिढ्या ही सजीव जमीन सांभाळली गेली, याहून विलक्षण वारसा पिरानच्या कोणत्याही देवालयात मला दिसत नाही.

या कामाचा क्रम ऋतूंनी बांधलेला होता. एप्रिलच्या अखेरीस, नगराचा पालक संत जॉर्ज याच्या सणाच्या सुमारास, पिरानच्या गल्ल्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे बिऱ्हाड बांधून होड्यांतून मिठागरांकडे निघत आणि ऑगस्टच्या अखेरीस संत बार्थोलोम्यूच्या दिवसापर्यंत तेथेच राहत. भरतीच्या वेळी उघाडीतून समुद्र आत घ्यायचा, एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात उतरवीत सूर्य आणि वारा यांच्याकडून त्याला दाट करून घ्यायचे, आणि शेवटच्या वाफ्यात स्फटिक धरले की लांब दांड्याच्या लाकडी फळीने ते ओढून त्यांच्या लहान लहान राशी घालायच्या, असा हा दिवसाचा परिपाठ. पाणी उपसण्यासाठी वाऱ्यावर चालणारे पंप होते. पुरुषांच्या बरोबरीने बायका आणि मुलेही या कामात राबत. बहुतेक आगरकरी जमिनीचे मालक नव्हते. मालकी नगरातील जुन्या घराण्यांची आणि धर्मसंस्थांची असे आणि कसणाऱ्याच्या पदरात उत्पन्नातील ठरलेला हिस्सा पडे.

राहण्यासाठी कालव्यांच्या काठाने दगडी घरे बांधलेली होती. खाली मिठाचे कोठार, वर स्वयंपाक आणि झोपण्याच्या खोल्या, आणि दोन्ही अंगांना खिडक्या. या खिडक्या शोभेसाठी नव्हत्या. आकाश कोणत्या दिशेने काळवंडते आहे हे घरातल्या माणसाला तत्काळ कळावे एवढ्यासाठी त्या होत्या, कारण उन्हाळ्यातील एक आकस्मिक सर कित्येक दिवसांचे पीक घटकेत विरघळवून टाकी. ढग दिसताच सर्वांनी धावत सुटायचे, तयार मीठ गोळा करायचे आणि दाट झालेले पाणी खोल हौदांत सोडून वाचवायचे. आगरकऱ्याच्या आयुष्यात याहून मोठी धावपळ नसे.

आता पुन्हा शहराकडे वळावे. ज्या पावसाची मिठागरात एवढी धास्ती, त्याच पावसाची शहरात आतुरतेने वाट पाहिली जाई. कारण समुद्रातून मीठ काढणाऱ्या या नगराला गोड्या पाण्याची चणचण पाचवीलाच पुजलेली होती. तार्तीनी चौकाच्या मागच्या बाजूला, चिंचोळ्या बोळांच्या मध्यभागी, आज ‘1 मे चौक’ म्हणून ओळखली जाणारी जी जुनी जागा आहे तिथे एक उंच दगडी चौथरा दिसतो. 1775 च्या सुमारास दुष्काळाच्या झळा सोसल्यावर पिरानकरांनी चौथऱ्याखाली मोठे टाके बांधले. सभोवारच्या घरांच्या छपरांवरचे पाणी पन्हाळींतून, आणि बालदेवतांच्या दगडी मूर्तींच्या हातांतील कुंभांतून, त्या टाक्यात उतरे. चौथऱ्याच्या पायऱ्यांपाशी विधी आणि न्याय यांच्या मूर्ती आहेत. पाण्याचे वाटप जेथे व्हायचे तेथेच या दोन देवता उभ्या कराव्यात, यात त्या नागरिकांची समज दिसते.

तार्तीनी चौक हा मुळात चौक नव्हताच. ते आतले बंदर होते, लहान गलबते आणि होड्या तेथे नांगर टाकीत. पाणी साचून दुर्गंधी वाढल्यामुळे 1894 साली ते बुजवले गेले. चौकाच्या तोंडाशी ध्वजस्तंभांची पंधराव्या शतकातील दोन दगडी पीठे आहेत. एकावर व्हेनिसचा संत मार्कचा सिंह आहे, दुसऱ्यावर पिरानचा संत जॉर्ज. प्रवासी सिंहाचे छायाचित्र घेतात आणि पुढे जातात. पण या पीठांवर त्या काळच्या लांबीच्या मापांच्या खुणाही कोरलेल्या आहेत त्या आवर्जून पाहाव्यात. व्यापारी आणि गिऱ्हाईक यांच्यात तंटा झाला तर सरकारी माप येथे, उघड्यावर, सर्वांच्या देखत हजर होते.

चौकाच्या मधोमध ज्याचा पुतळा आहे तो जुझेप्पे तार्तीनी 8 एप्रिल 1692 रोजी याच चौकालगतच्या घरात जन्मला. ‘सैतानाची कंपनलहरी’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या व्हायोलिनरचनेचा हा कर्ता पुढे पादुआत स्थिरावला आणि 1770 साली तेथेच वारला. त्याच्या चरित्रातील एक गोष्ट मात्र मार्गदर्शक सहसा सांगत नाहीत: फ्लोरेन्सहून आलेले त्याचे वडील पिरानच्या मीठखात्यातील अंमलदार होते. मुलाला पाद्री करावे अशी घरच्यांची इच्छा होती, पादुआला तो कायदा शिकायला गेला, आणि झाला मात्र वादक. युरोपच्या संगीताला मिळालेला हा थोर पुरुष मिठाच्या पगारावर वाढला, ही गोष्ट पुतळ्याच्या पायथ्याशी लिहिलेली नसली तरी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

डोंगरमाथ्यावरचे घंटाघर 1609 साली पुरे झाले आणि ते व्हेनिसच्या संत मार्क चौकातील मनोऱ्याची लहान प्रतिकृती आहे. स्वामीच्या मनोऱ्याचे अनुकरण करण्याइतकी हौस आणि ऐपत एका लहानशा नगराला कोठून आली, याचे उत्तर आता वाचकाला सांगायला नको. तुर्कांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत वाढवलेली तटबंदीही त्याच उत्पन्नातून उभी राहिली असे मानायला हरकत नाही.

व्हेनिसचे राज्य बुडाल्यावर ऑस्ट्रिया, मग काही वर्षे नेपोलियन, पुन्हा ऑस्ट्रिया आणि 1918 नंतर इटली, असे धनी बदलत गेले. मीठ मात्र सरकारी मक्तेदारीतच राहिले. 1902 साली पारेंझाना ही अरुंद रुळांची आगगाडी मिठागरांजवळून धावू लागली आणि 1935 साली बंदही पडली. शेजारच्या पोर्तोरोझला मिठागरातील चिखल आणि खारे पाणी यांच्या उपचारांमुळे आरोग्यस्थानाचे रूप आले. त्याच्या लगतच्या ल्युसियाच्या मिठागरांची जागा पुढे नौकातळाने घेतली.

खरा आघात झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. 1947 साली हा भाग त्रिएस्तेच्या स्वतंत्र प्रदेशाच्या ‘ब’ विभागात गेला आणि 1954 च्या लंडन कराराने तो युगोस्लाव्हियाच्या मुलकी प्रशासनाखाली आला. या उलथापालथीत पिरानच्या इटालियन भाषिक रहिवाशांपैकी बहुसंख्य लोक घरदार सोडून इटलीकडे निघून गेले, आणि मिठागरे कसणारी बहुतेक कुटुंबे त्यांतलीच होती. इटलीच्या फॅसिस्ट राजवटीत स्लोव्हेन लोकांनी सोसलेला जाच खरा आहे आणि या निघून गेलेल्यांचे दुःखही तितकेच खरे आहे. एकाची आठवण काढताना दुसऱ्यावर पडदा टाकू नये असे मला मनापासून वाटते. आज पिरानच्या पाट्या स्लोव्हेन आणि इटालियन अशा दोन्ही भाषांत आहेत. पण ज्या हातांना पेतोलाची नस कळत होती ते हात गेले ते गेलेच. सेचोव्ल्येच्या दक्षिणेकडील फोंतानिज्जे हा भाग 1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीस ओस पडला. छपरे कोसळली, बांध फुटले, आणि दोन्ही अंगांना खिडक्या असलेली ती घरे आता बिनछपराच्या भिंतींच्या रूपाने कालव्याकाठी उभी आहेत.

उत्तरेकडील लेरा या भागात मात्र काम अद्याप चालू आहे, आणि जुन्याच पद्धतीने, पेतोलावर, लाकडी अवजारांनी मीठ ओढले जाते. 1991 साली, स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला त्याच वर्षी, फोंतानिज्जेमधील एका घराची डागडुजी करून तेथे मिठाचे संग्रहालय उघडण्यात आले. 1993 साली हा परिसर रामसर कराराच्या यादीत गेला. त्या यादीतले स्लोव्हेनियाचे हे पहिलेच पाणथळ स्थान. ओस वाफ्यांत शेकाटे आणि कुरव यांसारखे पक्षी घरटी करतात, म्हणजे माणसाने सोडलेली जागाही निरुपयोगी झाली नाही. 2014 साली युरोपीय संघाने पिरानच्या मिठाला मूळस्थानाचे संरक्षण दिले.

म्हणून ज्या वाचकांना पिरानला जाण्याचा योग येईल त्यांना माझी विनंती आहे की घंटाघराकडे वळण्यापूर्वी त्यांनी सेचोव्ल्येला जावे. शक्य तर जुलै किंवा ऑगस्टमध्ये, ऊन तापलेले असताना, मीठ ओढणारे लोक वाफ्यांत उभे असतील अशा वेळी जावे, संग्रहालयातील घराच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून आकाश पाहावे, आणि मगच शहराच्या तटावर चढावे.