एका बिबट्याची बखर

आमच्या नगर जिल्ह्याचा इतिहास म्हटला, की मलिक अहमद, चांदबिबी आणि भुईकोट किल्ला डोळ्यांपुढे येतात. बखरी, सनदा आणि शिलालेख ही त्या इतिहासाची साधने. पण याच मुलखात उसाच्या फडात पिढ्या काढणाऱ्या बिबट्याचा इतिहास कशावरून लिहायचा? त्याचे नाव दोनदाच निघे. शेळी नेली तेव्हा, आणि पिंजऱ्यात सापडला तेव्हा.

पकडून लांब सोडला की प्रश्न मिटला, असा समज होता. शेजारच्या जुन्नर भागात २००१ पासून हा उपाय मोठ्या प्रमाणावर झाला. २९ बिबटे लगतच्या दोन जंगलांत सोडले गेले. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ ते २००३ या काळात ते १७ वर गेले. संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब मांडला, तेव्हा उपायच उलटल्याचे दिसले. पण सोडलेला बिबट्या जातो कुठे?

त्याचे उत्तर आमच्या पारनेर तालुक्यातून मिळाले. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वर परिसरात एक बिबट्या विहिरीत पडला. शांत स्वभावामुळे त्याला 'आजोबा' म्हणू लागले. त्याच्या कातडीखाली ओळखीची चिप बसवली आणि गळ्यात पट्टा बांधला. पट्टा उपग्रहावरून ठिकाण टिपायचा आणि मोबाइलच्या एसएमएसने कळवायचा. मग त्याला माळशेज घाटात सोडले.

आजोबा तिथे राहिला नाही. मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडून, कसारा स्थानकाजवळून, वसईच्या कारखान्यांच्या कडेने तो निघाला आणि खाडी पोहून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. सुमारे १२० किलोमीटरच्या या वाटेत त्याने माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही. मी प्रवासवर्णने पुष्कळ वाचली. आकड्यांत लिहिलेले हे पहिलेच.

डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. चिपवरून ओळख पटली. एरवी तो रस्त्यावरचा एक बेवारस देह ठरला असता.

अकोले तालुक्यात आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे लावले गेले. प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे, म्हणून मोजणी जमली. दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ बिबटे आणि जवळपास तेवढेच तरस! २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झाले. बिबट्यांच्या विष्ठेतून कळले, की त्यांच्या खाण्यात गावातली कुत्री मोठ्या प्रमाणात आहेत.

ज्या घरातले लेकरू बिबट्याने नेले, त्या आईपुढे हे आकडे कोणत्या तोंडाने मांडायचे? असे हल्ले आजही आपल्या जिल्ह्यात होतात. तिचे दुःख आकड्यांनी हलके होत नाही. पण पुढचे लेकरू वाचवायचे तर हेच आकडे कामाचे आहेत. कचरा साचला की कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. म्हणून गोठा बंद हवा, वस्तीवर दिवा हवा, अंधारात मूल एकटे नको.

कायद्याने बिबट्याला संरक्षण आहे. ते टिकायचे असेल तर या नोंदी शास्त्रज्ञांच्या संगणकातून ग्रामसभेत आल्या पाहिजेत, आमच्या मराठीत.