दिल्लीच्या शागिर्दाचे कूट

‘शह’, ‘काटशह’ आणि ‘मात’ हे शब्द बुद्धिबळाच्या पटावरून आपल्या बोलण्यात आले, हे कोणासही सांगावयास नको. परंतु ‘मनसुबा’ आणि ‘जिच’ हेही त्याच घराण्यातले शब्द आहेत, याची आठवण आता फारशी उरलेली नाही. अरबी खेळाडू ‘मन्सूबा’ म्हणत ते मुद्दाम मांडलेल्या डावास: अमुक मोहरी अमुक घरांत आहेत, अमुक बाजूने खेळावयाचे आणि जिंकून दाखवावयाचे. फारसीतून आलेली ‘जिच’ म्हणजे शह नसताना राजासह साऱ्या मोहऱ्यांच्या चाली खुंटणे. १८४५ साली दिल्लीहून विलायतेस गेलेल्या एका मनसुब्यात ही जिचच नाट्याचे मूळ ठरली, आणि त्या चार चालींनी कूटरचनेच्या कलेस नवी दिशा लावली. त्याची हकीकत येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

जुन्या मनसुब्यांचा थाट निराळा होता. दिलारामची आख्यायिका पुष्कळांच्या कानांवर असेल. पतीने तिलाच पणास लावले असता, दोन्ही हत्ती दे पण मला वाचव, असे तिने पडद्याआडून सुचविले आणि डाव जिंकला गेला. बलिदान, शहावर शह आणि अखेरीस मात, हेच या कलेचे जुने वैभव. आपल्याकडेही ही परंपरा जिवंत होती. तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथातील अशा डावांचे इंग्रजी भाषांतर १८१४ साली मुंबईत छापले गेले होते. युरोपातील कूटेही बहुधा प्रत्यक्ष खेळातील रंगतदार शेवटासारखीच असत.

लंडनला ‘चेस प्लेयर्स क्रॉनिकल’ नावाचे मासिक हॉवर्ड स्टाँटन चालवीत असे. १८४३ साली पॅरिसमध्ये सेंट आमाँ या फ्रेंच खेळाडूस हरविल्यापासून त्याचा दबदबा मोठा होता. या मासिकाच्या फेब्रुवारी १८४५ च्या अंकात दिल्लीहून आलेले एक कूट प्रसिद्ध झाले. पांढऱ्याने खेळून चार चालींत मात करावयाची होती. प्रेषकाने सही केली होती ‘शागिर्द’. सुएझचा कालवा खोदला जाण्यास अजून बराच अवकाश होता; ती मांडणी इजिप्तच्या वाटेने वा केपला वळसा घालून, कोणत्याही मार्गाने गेली तरी लांबचा प्रवास करून गेली असली पाहिजे. तिने भल्याभल्यांची मती गुंग केली. ज्यांना शह देत पुढे धावण्याची सवय होती, त्यांना ते उकलेना.

त्याचा गाभा असा. काळ्या राजाभोवतीची घरे रोखलेली आहेत आणि काळ्याजवळ प्याद्यांच्या मोजक्याच चाली उरल्या आहेत. त्या संपल्या की मात नव्हे, जिच होणार. म्हणजे हातचा विजय जाणार. तेव्हा शत्रूच्या राजास एक घर मोकळे करून देणे पांढऱ्यास भाग आहे. पांढऱ्याचा उंट एच-६ या घरी आहे. तो तेथून तिरका मागे सरकत थेट पटाच्या तळाशी, सी-१ या घरी जाऊन बसतो. या चालीत शह नाही, धमकी नाही. पाहणाऱ्यास ती निरर्थकच वाटावी. पुढे पांढरा हत्ती डी-२ या घरी येतो आणि आपल्याच उंटाची वाट अडवितो. वाट अडताच एफ-४ हे घर मोकळे होते. जिच टळते, काळा राजा तेथे पाऊल टाकतो, कारण त्यास दुसरी चालच नाही. मग हत्ती डी-४ वर चढतो. हत्तीचा शह आणि मागे दबून बसलेल्या उंटाचा शह एकदम पडतात, आणि मात होते.

येथे मर्म आहे ते डी-२ या घराचे. उंट एच-६ वरच राहिला असता तर हत्तीने डी-२ वर येऊन काहीही साधले नसते. उंटाने ते घर आधी ओलांडले, म्हणून मागाहून येणाऱ्या हत्तीस त्याची वाट अडविता आली. पुढे काय घडवावयाचे हे ठरवून, त्यासाठी आज मागे जावयाचे, असा हा बेत. मनसुबा या शब्दाचा मराठीतील अर्थ या कुटास जितका शोभतो, तितका जुन्या बलिदानांच्या डावांसही शोभत नाही.

रचना म्हणून ते कूट निर्दोष नव्हते; पुढच्यांनी त्याच्या नेटक्या आवृत्त्या केल्या. परंतु कल्पना रुजली होती. मोहऱ्यांच्या वाटा जेथे एकमेकींस छेदतात त्या घरांकडे रचनाकारांचे लक्ष वेधले गेले. १८५० मध्ये वॉल्टर ग्रिमशॉ याने काळा हत्ती आणि काळा उंट परस्परांच्या वाटेत उभे राहतील अशी योजना केली. १८५४ मध्ये नोव्होटनीने, अशा दोन वाटांच्या छेदनबिंदूवर पांढरे मोहरे बळी ठेवले, की त्यास कोणीही मारले तरी दुसऱ्याची वाट बंद व्हावी. १८५६ मध्ये टर्टनने दिल्लीची युक्ती उलटी फिरविली: एक मोहरे घर ओलांडून मागे जाते ते दुसऱ्याने अडवावे म्हणून नव्हे, तर त्याच रेषेवर दुसऱ्याने पुढे उभे राहून दोघांचे बळ एकवटावे म्हणून. प्लाखुटाचे कूट १८५८ चे. कूट आता खेळाचा शेवट राहिले नाही. एका कल्पनेचे प्रतिपादन झाले.

या साऱ्याचे शास्त्र जर्मनीत मांडले गेले. योहानेस कोट्स आणि कार्ल कॉकेलकॉर्न या जोडीने १९०३ साली ‘भारतीय कूट’ याच नावाचा ग्रंथ लिहिला. घर ओलांडण्याच्या त्या चालीस त्यांनी स्वतंत्र संज्ञा दिली आणि एक कठोर दंडकही घातला: अशा चालीचा हेतू एकच आणि निर्भेळ असावा, जाता जाता दुसरा लाभ पदरात पडत असेल तर कल्पना मलिन झाली. या विचारातून रचनाकारांचा एक नवा संप्रदायच उभा राहिला. आज संगणक असे कूट क्षणात सोडवितो. पण हेतूची ही शुद्धता कोणत्या रचनेत साधली, याचा निवाडा अजून माणसाच्या रसिकतेकडेच आहे.

आता त्या ‘भारतीय’ विशेषणाविषयी. त्यावरून ही कल्पना येथल्या परंपरेतून निघाली असे मानून अभिमान मिरविणे आम्हांस रास्त वाटत नाही. ते विशेषण टपालाच्या गावावरून पडले. शागिर्द म्हणजे हेन्री ऑगस्टस लव्हडे, दिल्लीत नेमलेला इंग्रज धर्मोपदेशक. तो १८१५ साली बराकपूरला जन्मला आणि १८४८ साली, म्हणजे कूट प्रसिद्ध झाल्यावर तीनच वर्षांनी, याच देशात वारला. तेहतीस वर्षांच्या आतबाहेरचे ते आयुष्य. कोट्स आणि कॉकेलकॉर्न यांचा ग्रंथ निघाला तेव्हा त्याच्या मृत्यूस पंचावन्न वर्षे लोटली होती.

नेमणुकीच्या गावी राहून फावल्या वेळात काही लिहिणाऱ्या आमच्या वाचकांस यातील एक गोष्ट लक्षात येईल. ग्रिमशॉ, नोव्होटनी, प्लाखुटा, टर्टन या सर्वांच्या कल्पना त्यांच्या त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. ज्याच्यापासून ही मालिका सुरू झाली, त्याने मात्र सही करताना स्वतःस शिष्य म्हणविले आणि नाव झाकून ठेवले. म्हणून त्याच्या कल्पनेस त्याचे नाव मिळाले नाही; ज्या देशातून त्याने ती पाठविली, त्या देशाचे मिळाले.