जाहिरातीच्या टेबलावर घडलेली देवनागरी

हा लेख मी संगणकावर लिहिला, तेव्हा पडद्यावर उमटणारी अक्षरे ‘मंगल’ या टंकातली होती. विंडोज २००० पासून हा टंक आपल्या संगणकांत आयताच येऊ लागला. सरकारी परिपत्रक, सोसायटीची नोटीस, वकिलाचा मसुदा, कवीची पहिली प्रत, सगळे त्यातच लिहिले गेले. मात्र मंगल कोणी रेखाटला, हे विचारले तर फार थोडे लोक र. कृ. जोशी यांचे नाव घेतील.

रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) आपल्याकडे तुकड्यातुकड्यांनी ओळखले जातात. साहित्याच्या अभ्यासकांना ते लघुअनियतकालिकांच्या काळात दृश्यकाव्य लिहिणारे, अक्षरांच्या मांडणीतूनच कविता घडवणारे कवी म्हणून ठाऊक आहेत. कलाक्षेत्र त्यांना सुलेखनकार आणि शिक्षक मानते, तर संगणकाच्या जगाला ते टंकरचनाकार म्हणून माहीत आहेत. या तिन्ही ओळखींच्या मधली १९५६ ते १९८३ ही सत्तावीस वर्षे त्यांनी जाहिरात संस्थांत काढली. जोशींविषयी लिहिताना ही वर्षे बहुधा एका वाक्यात उरकली जातात; जणू ती केवळ पोटापाण्याची सोय होती. मला मात्र त्यांच्या साऱ्या कामाचा पाया तिथेच घातला गेलेला दिसतो.

सर जे. जे. मधून उपयोजित कलेची पदविका घेऊन जोशी १९५६ साली मुंबईच्या डी. जे. कीमर या ब्रिटिश जाहिरात संस्थेत चित्रकार म्हणून लागले. याच संस्थेच्या कलकत्ता कार्यालयात १९४३ साली सत्यजित राय व्हिज्युअलायझर म्हणून रुजू झाले होते, आणि रायही पुढे अक्षरांच्या वळणांत रमले. दोघांचा असा एक धागा जुळतो. १९६१ साली बाळ मुंडकूर यांनी मुंबईत ‘उल्का’ ही जाहिरात संस्था काढली. जोशी त्याच वर्षी तिथे गेले आणि बावीस वर्षे राहिले. या काळात ते नुसते रेखाटणारे न राहता कला-दिग्दर्शक झाले. इतरांचे काम पाहायचे, त्यातले काय ठेवायचे, काय टाकायचे हे ठरवायचे, आणि ग्राहकासमोर त्या निवडीचे समर्थन करायचे, असे हे पद. अक्षर केवळ देखणे असून तिथे भागत नसे. ते तसेच का हवे, हे सांगता यावे लागे.

त्या काळात मोठ्या जाहिराती सहसा आधी इंग्रजीत लिहिल्या जात. मांडणीही इंग्रजी मजकुराच्या मापाने होई आणि मराठी, हिंदी भाषांतर नंतर त्याच चौकटीत बसवले जाई. इथे देवनागरीची अडचण होई. आपल्याकडे कॅपिटल अक्षरे नाहीत, त्यामुळे मथळा उठवण्याची सोपी युक्ती हाताशी नसते. वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरे. म्हणजे दोन ओळींत अंतर जास्त लागते. त्याच उंचीत बसवायचे तर मूळ अक्षर बारीक होते. शिसाच्या खिळ्यांतही निवडीला रोमनइतका वाव नव्हता. ज्याला वेगळे अक्षर हवे, त्याने ते हाताने काढायचे. मग त्याचा ब्लॉक बने आणि ते वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदावर छापले जाई. शाई पसरली की ‘घ’ आणि ‘ध’ यांतला फरक पुसट होई.

अक्षराचे कोणते अंग सोडले तरी चालते आणि कोणते सोडले की वाचकाचा घोटाळा होतो, हे या कामात रोज तपासले जाते. बोधचिन्हातही तीच परीक्षा असते. हॉटेलच्या दाराशी आणि बिलाच्या कोपऱ्यात एकच आकृती ओळखू यावी लागते. जोडलेल्या हातांचे ‘वेलकमग्रुप’चे नमस्कारचिन्ह ही जोशींचीच निर्मिती. हॉटेलच्या आतिथ्यासाठी त्यांनी परदेशी खूण उसनी आणली नाही, घरातली मुद्राच निवडली.

उल्कामध्ये हे काम ग्राहकांच्या मागण्यांपुरते राहिले नाही. जे. जे. तून बाहेर पडलेल्या अच्युत पालव यांनी मोडी लिपीचा अभ्यास केला, तो उल्काच्या शिष्यवृत्तीवर आणि जोशींच्या सहवासात. मोडी व्यवहारातून जाऊन काही दशके लोटली होती. अशा लिपीच्या अभ्यासाला एका जाहिरात संस्थेने पैसा पुरवावा, ही आपल्या सांस्कृतिक इतिहासातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

१९८३ साली जोशी पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक म्हणून गेले आणि १९९६ पर्यंत तिथे शिकवले. पुढे जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात, म्हणजे आजच्या सी-डॅकमध्ये, त्यांनी भारतीय लिप्यांच्या टंकांचे काम केले. देवनागरीसाठी मंगल, आणि तमिळसाठी लता, तेलुगूसाठी गौतमी, कन्नडसाठी तुंगा, गुजरातीसाठी श्रुती, गुरुमुखीसाठी रावी हे टंक त्यांच्या मार्गदर्शनाखाली झाले.

त्या वेळचे पडदे भरड होते. नेहमीच्या आकारात एका अक्षराच्या उंचीला मोजके ठिपके मिळत. बोरूची जाड-बारीक रेघ त्यांत मावणे शक्य नव्हते. सुलेखनात मुरलेल्या माणसाने सुलेखनाचा मोह आवरून साधे, सुटे, एकसारख्या जाडीचे अक्षर दिले. ही शिस्त छोट्या जाहिरातीच्या मापांशी झगडणाऱ्या कलावंताची आहे. वर्तमानपत्रावर पसरणारी शाई आणि पडद्यावरचे मोजके ठिपके, प्रश्न जातीने एकच.

मंगलवर टीका झाली आणि तीही खरी आहे. छापील पानावर तो कोरडा दिसतो. त्यातले ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे. शाळेत मराठी वळण गिरवलेल्या डोळ्यांना ते खटकत राहिले. मराठी माणसाने रेखाटलेल्या टंकात मराठी ‘ल’ नसावा, याची रुखरुख मलाही आहे. एकाच टंकाने हिंदी, मराठी, नेपाळी सगळ्यांची सोय पाहायची ठरली की मोठ्या संख्येचे वळण जिंकते. बाजाराचा हा नियम जाहिरातीच्या धंद्याला चांगला ठाऊक असतो. त्या धंद्याने जोशींना जे दिले, त्याची ही दुसरी बाजू.

अखेरच्या काळात ते वैदिक स्वरचिन्हांना संगणकात जागा मिळावी म्हणून काम करत होते. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेत त्यांचे निधन झाले. वैदिक चिन्हांचा स्वतंत्र विभाग युनिकोडमध्ये आला तो २००९ साली.

कवितेखाली कवीचे नाव असते, चित्रावर सही असते. जाहिरातीखाली ती नसते आणि टंकावरही दिसत नाही. उपयोजित कलेचा आपला इतिहास म्हणूनच विरळ राहिला आहे. त्या पिढीच्या कलावंतांची कच्ची रेखाटने, प्रुफे, कात्रणे अजून कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ट्रंकेत असतील. या दिवाळीत आवराआवर करताना ती रद्दीत न टाकता एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा कलाशाळेकडे सोपवली, तर मराठी अक्षराचा इतिहास थोडा अधिक पुराव्यानिशी लिहिता येईल.