गोधडीतील चूक : दुरुस्ती, उपेक्षा आणि हेतू

हस्तलिखित पोथ्यांच्या अभ्यासकाला लेखनप्रमाद अपरिचित नसतो. लेखकूने गाळलेले अक्षर समासात भरलेले आढळते. चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासून त्यावर शुद्ध पाठ लिहिलेला दिसतो. आणि पोथीच्या अखेरीस, शुद्धाशुद्धतेचा दोष आपल्या माथी मारू नये, अशी लेखकूची विनवणीही वाचावयास मिळते. चूक झाली, ती ध्यानात आली आणि तिच्याविषयी काही निर्णय घेतला गेला, या तिन्ही गोष्टींचा पुरावा पोथीतच सापडतो. हाताने शिवलेल्या गोधडीच्या अभ्यासकाला असे साधन क्वचितच लाभते. उलटा बसलेला तुकडा, जुळणी सोडून गेलेली पट्टी किंवा मध्येच पालटलेला रंग त्याला दिसतो. परंतु शिवणारीच्या ते ध्यानात आले होते काय, आणि आले असल्यास तिने तो भाग उसवला का नाही, हे वस्त्र आपण होऊन सांगत नाही. या मौनाचा अर्थ कसा लावावा, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

हे मौन भरून काढण्यासाठी रचलेल्या कथांपैकी सर्वांत लोकप्रिय कथा अमेरिकेतील आहे. तेथील आमिश आणि अन्य धर्मनिष्ठ स्त्रिया गोधडीत एक चौकोन बुद्ध्याच चुकीचा बसवीत, कारण परिपूर्णता केवळ ईश्वराच्या ठायी असते, असे सांगितले जाते. अशा चौकोनाला 'नम्रतेचा चौकोन' असे नावही मिळाले आहे. बार्बरा ब्रॅकमन यांच्यासारख्या गोधडीच्या इतिहासकारांनी या समजुतीची छाननी केली, तेव्हा एकोणिसाव्या शतकातील स्त्रियांच्या लेखनात तिला आधार मिळाला नाही. ही कथा विसाव्या शतकात रूढ झाली असे दिसते. शिवाय तिच्यात एक अंतर्विरोधही आहे. जिला चूक मुद्दाम करावी लागते, तिचे उरलेले काम निर्दोष आहे असे तिने आधीच गृहीत धरलेले असते. ही नम्रता नव्हे, हा अभिमानच होय. तथापि या कथेचा खरा दोष याहून गंभीर आहे. प्रत्येक चुकीला हेतू चिकटवून ती शिवणारीचा चुकण्याचा सामान्य मनुष्यधर्म नाकारते. आणि तो हेतू सर्वांच्या बाबतीत एकच ठरवून प्रत्येकीचा स्वतंत्र निर्णयही पुसून टाकते.

याचा अर्थ हेतुपुरस्सर केलेला दोष इतिहासाला अज्ञात आहे असा नव्हे. त्याचे एक प्राचीन उदाहरण बौद्ध विनयपिटकात आहे. भिक्षूंचे चीवर तुकडे जोडूनच करावयाचे असे. मगधातील बांधबंदिस्त शेतांकडे पाहून बुद्धांनी आनंदाला त्या आकृतीचे चीवर तयार करावयास सांगितल्याचा वृत्तान्त महावग्गात आला आहे. पातिमोक्खातील ५८ वा पाचित्तिय नियम याच्या पुढे जातो : नवे चीवर वापरण्यापूर्वी त्यावर निळा, चिखलाचा किंवा काळपट, यांपैकी एका रंगाचा डाग पाडून ते विरूप केले पाहिजे. या नियमाची उत्पत्तिकथाही तेथेच आहे. साकेताहून श्रावस्तीला जाणाऱ्या वाटेवर भिक्षू आणि परिव्राजक लुटले गेले. राजपुरुषांनी वस्त्रे परत मिळविली, तेव्हा भिक्षूंना आपली चीवरे ओळखता येईनात. म्हणजे येथे दोष मुद्दाम केलेला आहे आणि त्याचे कारणही नोंदलेले आहे. ते कारण ओळख पटविण्याचे आहे. हेतूचे विधान करावयाचे तर पुरावा किमान असा असावा. तो नसेल तेथे अभ्यासकाने प्रथम अधिक साधा प्रश्न विचारला पाहिजे : ही चूक सुधारण्यास किती किंमत पडली असती?

ही किंमत रचनेवर अवलंबून असते. अमेरिकी तुकडेजोड पद्धतीत बहुधा एकेक चौकोन स्वतंत्रपणे शिवून नंतर सर्व चौकोन जोडतात. त्याखाली भरण व अस्तर घालून तिन्ही थरांतून टाके घेतले जातात. जोडणीपूर्वी चुकलेला चौकोन बाजूला काढणे अगदी सोपे असते. थर एकत्र शिवून झाल्यावर मात्र त्याच दुरुस्तीसाठी तिन्ही थर उसवावे लागतात. आपल्याकडील साध्या गोधडीत जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक घालून धावदोरा घातला जातो. तेथे टाका वाकडा गेला तरी थर धरून ठेवण्याचे त्याचे काम अडत नाही. उत्तर कन्नड भागातील सिद्दी स्त्रियांची 'कवंद' याहून वेगळी. पोर्तुगीज काळात गोव्यात आणलेल्या आणि तेथून पळून घाटातील जंगलांत वस्ती केलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज या समाजात आहेत. कवंदीचे काम कडेपासून सुरू होऊन फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे सरकते; तुकडे लावणे आणि थर शिवणे ही दोन्ही कामे एकाच टाक्यात होतात, आणि प्रत्येक नवा तुकडा आधीच्या तुकड्याची उघडी कड झाकतो. कडेचा तुकडा बदलावयाचा तर त्यावर चढविलेले आतले तुकडेही उसवावे लागतात. त्यामुळे कवंद शिवणारी चूक मागे जाऊन दुरुस्त करण्याऐवजी पुढच्या तुकड्याने सावरून घेते, असे अनुमान करता येते. या पद्धतीत एक गोष्ट मात्र सुटू दिली जात नाही. चारही कोपऱ्यांना घडी घातलेले तिकोनी तुकडे लावतात. त्यांना 'फुले' म्हणतात, आणि फुलांवाचून कवंद उघडी मानली जाते. कोणती उणीव चालेल आणि कोणती चालणार नाही, याचे मोजमाप त्या परंपरेतच आहे. बाहेरच्या निरीक्षकाला खटकणारा रंगबदल त्यात दोष म्हणून गणला जाईलच असे नाही.

रचनेइतकेच महत्त्व वस्त्र कोणाच्या नजरेस पडणार यालाही असते. इ. स. १८४१ मध्ये 'राजा' या जहाजातून सुमारे १८० स्त्री-कैदी इंग्लंडहून व्हॅन डीमेन्स लँड, म्हणजे आजच्या टास्मानियाकडे नेण्यात आल्या. एलिझाबेथ फ्राय यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या महिला मंडळाने त्यांना सुया, दोरे आणि दोन पौंड कापडाचे तुकडे असे साहित्य दिले होते. प्रवासात सिद्ध झालेले वस्त्र आज कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. त्यात २,८१५ तुकडे आहेत. भरण किंवा अस्तर नाही, म्हणून काटेकोरपणे त्याला गोधडी म्हणता येणार नाही. मध्यभागी छापील चिटातून कातरलेले पक्षी व फुले पांढऱ्या सुती कापडावर बसविली आहेत. सफाईदार आणि अननुभवी, असे निरनिराळे हात त्यात ओळखू येतात. एका कडेवर मात्र अतिशय बारीक फुलीच्या टाक्यात कृतज्ञतेचा लेख भरला आहे, आणि त्यात हे काम आपल्या उद्योगशीलतेचा पुरावा म्हणून सादर केल्याचे म्हटले आहे. मंडळातील स्त्रियांची दृष्टी जेथे हमखास जाणार, तेथे सर्वांत कुशल हात योजला गेला, आणि इतरत्र ज्या हाताने जसे घडले तसे राहू दिले, असा निष्कर्ष या मांडणीवरून संभवतो. साडेतीन महिन्यांच्या समुद्रप्रवासात वेळ थोडा होता आणि कैद्यांना कामात सहभागी करून घेणे हाच मुख्य उद्देश होता. प्रत्येक नवशिक्या हाताचे टाके उसवून पुन्हा घातले असते, तर वस्त्र अधिक नीटनेटके झाले असते. पण ते त्या सर्वजणींचे राहिले नसते.

तिसरे नियामक कारण म्हणजे बाजार. अलाबामातील विलकॉक्स परगण्यात इ. स. १९६६ मध्ये 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही कृष्णवर्णीय स्त्रियांची सहकारी संस्था स्थापन झाली. मतदार म्हणून नाव नोंदविणाऱ्यांची घरे व रोजगार हिरावले जात होते, तो हा काळ. संस्थेला न्यूयॉर्कची बाजारपेठ मिळाली आणि १९७२ मध्ये 'सीअर्स' या व्यापारी संस्थेकडून कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्ऱ्यांचे काम मिळाले. अशा कामात माप ठरलेले, नमुना ठरलेला आणि शिवण एकसारखी असावी लागते. येथे चूक सुधारणे ही वेतनाची अट होती. त्या कामातून उरलेल्या कॉर्डरॉयच्या चिंध्या जवळच्या जीज बेंड वस्तीतील घरांत गेल्या. तेथे त्यांच्यापासून ज्या गोधड्या झाल्या त्यांत पट्ट्या तिरक्या जातात, रुंदी बदलते, आणि आकृती मध्येच दिशा पालटते. या स्वैर शिवणीला त्या स्त्रिया 'माझी रीत' अशा अर्थाचे नाव देतात. इ. स. २००२ मध्ये ह्यूस्टन आणि नंतर न्यूयॉर्क येथे जीज बेंडच्या गोधड्यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रकलेशी केली.

हा पुरावा विशेष मोलाचा आहे, कारण येथे वस्ती तीच, कापड तेच आणि काळही जवळपास तोच आहे; पालटले आहे ते केवळ वस्त्राचे गिऱ्हाईक. अभ्ऱ्यावर वाकडी गेलेली शिवण परत करण्याजोगी चूक ठरते, तीच घरच्या पांघरुणावर रीत ठरते. कौशल्याच्या अभावाने घरच्या गोधड्या वाकड्या झाल्या, असे म्हणण्यास जागा उरत नाही. सरळ शिवण त्या वस्तीला नित्याची होती. त्याचबरोबर प्रत्येक तिरकी पट्टी हा कलात्मक संकल्प होता, असे म्हणणेही घाईचे होईल. काही ठिकाणी कापड संपले असेल, काही ठिकाणी दिवस मावळला असेल.

या विवेचनाचा उपयोग संग्रहालयातील नोंदींपुरता तरी निश्चित आहे. गोधडीची नोंद करताना अनियमित भागाचे स्थान, तो कामाच्या कोणत्या टप्प्यावर घडला, उसवून पुन्हा घातलेल्या टाक्यांची छिद्रे जवळपास दिसतात काय, आणि वस्त्र कोणासाठी सिद्ध झाले होते, या गोष्टी लिहून ठेवाव्यात. 'चूक' किंवा 'संकेत' हा शिक्का त्यानंतर मारावा. जतन करणाऱ्याने जीर्ण धाग्याला आधार द्यावा, परंतु उलटा बसलेला तुकडा सुलटा करू नये. पोथीतील अपपाठ संपादकाला तळटीपेत राखता येतो. गोधडीला तळटीप नसते. एकदा तो तुकडा सरळ केला की शिवणाऱ्या स्त्रीने तेथे घेतलेला, किंवा न घेतलेला, निर्णय कायमचा नाहीसा होतो. अनेकींच्या बाबतीत त्यांच्या हातचा तेवढाच लेख आज शिल्लक आहे.