गोल्फ क्लबचा दांडा

गोल्फ क्लबचा दांडा (शाफ्ट) हा गोल्फच्या क्लबचा, म्हणजेच चेंडू मारण्याच्या काठीचा, मुठीपासून शीर्षापर्यंत जाणारा लांब व निमुळता भाग होय. खेळाडूच्या हातांची गती शीर्षापर्यंत पोहोचवणे आणि फटक्याच्या क्षणी शीर्ष अपेक्षित दिशेत ठेवणे हे त्याचे मुख्य कार्य आहे. आरंभी दांडे लाकडाचे असत. १९२० च्या दशकापासून पोलादी दांडे प्रचारात आले आणि १९७० च्या सुमारास कार्बन तंतूंच्या दांड्यांचा वापर सुरू झाला. कार्बन तंतूंच्या दांड्यांना व्यवहारात ‘ग्रॅफाइट’ असे म्हणतात.

पोलादी दांडा टिकाऊ आणि ग्रॅफाइटचा दांडा नाजूक, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि योग्य रीतीने बसवलेला व निगा राखलेला कोणताही दांडा नेहमीच्या खेळाने सहसा तुटत नाही. दोन्ही पदार्थ निकामी होण्याची कारणे व रीत मात्र भिन्न आहेत. पोलादातील दोष बहुधा डोळ्यांना दिसतो; ग्रॅफाइटमधील दोष पृष्ठभागाखाली दडून राहू शकतो. त्यामुळे दांड्याची निवड करताना पदार्थाच्या ताकदीइतकेच त्याचे वजन, खेळाडूची गरज आणि हाताळणी यांना महत्त्व असते.

== रचना ==

दांड्याच्या वरच्या, जाड टोकावर रबराची किंवा तत्सम पदार्थाची मूठ बसवलेली असते. खालचे, बारीक टोक शीर्षाच्या ‘होझेल’ नावाच्या पोकळ नळीत इपॉक्सी गोंदाने चिकटवलेले असते. या सांध्यावर ‘फेरूल’ नावाचे छोटे प्लॅस्टिकचे कडे असते. आधुनिक दांडे पोकळ असतात. ड्रायव्हरची एकूण लांबी साधारणतः ११४ सें.मी. (४५ इंच), तर सात क्रमांकाच्या आयर्नची सुमारे ९४ सें.मी. (३७ इंच) असते.

फटका मारताना दांडा वाकतो आणि त्याच वेळी स्वतःच्या अक्षाभोवती पिळलाही जातो. शीर्षाचे वस्तुमान दांड्याच्या अक्षापासून बाजूला असल्यामुळे हा पीळ निर्माण होतो. शीर्ष आणि चेंडू यांचा संपर्क सुमारे ०.०००५ सेकंद टिकतो. सर्वाधिक ताण होझेलच्या तोंडाशी येतो, कारण तेथे लवचीक दांडा अचानक ताठर शीर्षात शिरतो. दांडे मोडण्याची ही नेहमीची जागा आहे.

== इतिहास ==

=== लाकडी दांडे ===

स्कॉटलंडमध्ये आरंभी ॲश, हेझेल इत्यादी स्थानिक झाडांच्या लाकडाचे दांडे वापरात होते. एकोणिसाव्या शतकात उत्तर अमेरिकेतून आयात होणाऱ्या हिकरी लाकडाने त्यांची जागा घेतली. हिकरी हे कठीण, चिवट आणि धक्का सोसणारे लाकूड असल्याने कुऱ्हाडी व हातोड्यांचे दांडेही त्याचेच करीत. परंतु प्रत्येक ओंडक्याचा रेषा व घनता वेगळी असल्याने दोन दांडे तंतोतंत सारखे मिळत नसत. हिकरीचा दांडा बराच पिळलाही जाई आणि खेळाडूला त्या पिळाशी जुळवून घेत फटका मारावा लागे. बॉबी जोन्स यांनी १९३० मध्ये एकाच वर्षी चार प्रमुख स्पर्धा जिंकल्या, त्या हिकरीच्या दांड्यांनीच.

=== पोलादी दांडे ===

एडिनबर्ग येथील लोहार टॉमस हॉर्सबर्ग यांनी १८९० च्या दशकात भरीव पोलादी दांडा तयार केला. परंतु तो लोकप्रिय झाला नाही. पोलादाची पोकळ नळी वापरण्याच्या कल्पनेचे एकस्व (पेटंट) अमेरिकेतील आर्थर नाइट यांना १९१० मध्ये मिळाले. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९२४ मध्ये, तर सेंट अँड्र्यूज येथील रॉयल अँड एन्शंट या संस्थेने १९२९ मध्ये पोलादी दांड्यांना मान्यता दिली. १९३१ ची यू.एस. ओपन स्पर्धा बिली बर्क यांनी पोलादी दांड्यांचे क्लब वापरून जिंकली. त्यानंतर अल्पावधीतच हिकरी मागे पडले.

पोलादामुळे एकाच प्रतीचे दांडे मोठ्या संख्येने तयार करता येऊ लागले. मॅशी, निब्लिक अशी नावे असलेल्या सुट्या क्लबांऐवजी क्रमांक दिलेले, परस्परांशी जुळणारे संच प्रचारात आले. खेळाडू जवळ बाळगत असलेल्या क्लबांची संख्याही वाढली. अखेर अमेरिकेच्या संघटनेने १९३८ मध्ये आणि रॉयल अँड एन्शंटने १९३९ मध्ये १४ क्लबांची कमाल मर्यादा घातली.

=== ग्रॅफाइटचे दांडे ===

१९६० च्या दशकाच्या अखेरीस ॲल्युमिनियमचे दांडे बाजारात आले. पण ते फार काळ टिकले नाहीत. याच दशकात ब्रिटनमधील फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये उच्च ताकदीचे कार्बन तंतू विकसित झाले होते. विमानबांधणीसाठी उपयुक्त ठरलेला हा पदार्थ वापरून फ्रँक टॉमस यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतील शेक्सपिअर या कंपनीत ग्रॅफाइटचा दांडा तयार केला. आरंभीचे ग्रॅफाइट दांडे महाग होते, जास्त पिळले जात आणि त्यांच्या गुणवत्तेत सातत्य नव्हते. ‘नाजूक’ हा शिक्का याच काळात त्यांच्यावर बसला. पुढे तंतूंची मांडणी व राळ यांत सुधारणा होत गेली. आज ड्रायव्हर व इतर वुड प्रकारच्या क्लबांत जवळजवळ सर्वत्र ग्रॅफाइटचेच दांडे असतात.

== पदार्थ व निर्मिती ==

पोलादी दांड्यासाठी मिश्रपोलादाची नळी साच्यांतून ओढून क्रमाक्रमाने बारीक केली जाते. अनेक दांड्यांवर दिसणाऱ्या पायऱ्या याच प्रक्रियेत तयार होतात. त्यानंतर उष्णता-संस्कार करून दांडा सरळ केला जातो आणि त्यावर निकेल व क्रोमचा मुलामा देतात.

ग्रॅफाइटच्या दांड्यासाठी राळेत भिजवलेल्या कार्बन तंतूंचे पातळ पत्रे पोलादी गजाभोवती गुंडाळतात, त्यांवर फीत आवळून भट्टीत तापवतात आणि राळ कठीण झाल्यावर गज काढून घेतात. दांड्याच्या लांबीला समांतर असलेले तंतू वाकण्यास विरोध करतात, ४५ अंशांत तिरपे ठेवलेले तंतू पीळ रोखतात आणि आडवे तंतू नळी चेपू देत नाहीत. त्यामुळे वजन, लवचीकता व पीळ हे गुण बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे ठरवता येतात. पोलादात हे स्वातंत्र्य कमी असते. तेथे नळीचा व्यास व जाडी बदलूनच सर्व गुण साधावे लागतात.

| गुणधर्म | हिकरी | पोलाद | ग्रॅफाइट |
|---|---|---|---|
| घनता (ग्रॅम/घन सें.मी.) | सुमारे ०.८ | सुमारे ७.८ | सुमारे १.६ |
| आयर्नच्या दांड्याचे वजन | लाकडानुसार बदलते | साधारण ९० ते १३० ग्रॅम | साधारण ५० ते ९५ ग्रॅम |
| पीळ | जास्त | कमी | रचनेनुसार कमी-अधिक |
| कंपने | शोषली जातात | हातापर्यंत पोहोचतात | बऱ्याच अंशी शोषली जातात |
| मुख्य धोका | ओल, बाक, चीर | गंज, वाकणे | घर्षण, चेपणे, थर सुटणे |
| दोष दिसतो का | बहुधा | बहुधा | नेहमीच नाही |

== टिकाऊपणा ==

=== पोलाद ===

विशिष्ट मर्यादेखालील ताण पोलाद असंख्य वेळा सोसू शकते. नेहमीच्या फटक्यांनी निर्माण होणारा ताण सामान्यतः या मर्यादेत राहतो; म्हणून केवळ वापराने पोलादी दांडा ‘थकून’ तुटण्याचा संभव कमी असतो. त्याचा खरा शत्रू गंज होय. मुलाम्याला ओरखडा पडला की ओल आतील पोलादापर्यंत पोहोचते. नळीच्या आतल्या बाजूस, विशेषतः मुठीखाली व होझेलजवळ, साचलेला ओलावा बाहेरून दिसत नाही. गंजाने पडलेल्या सूक्ष्म खड्ड्याभोवती ताण एकवटतो, तेथून तडा वाढू लागतो आणि एरवी निर्धोक असलेला फटकाही दांडा मोडण्यास पुरेसा ठरतो. समुद्रकिनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात हा धोका वाढतो.

झाडाच्या मुळावर किंवा दगडावर आघात झाल्यास पोलादी दांडा वाकतो. वाकलेला दांडा हाताने सरळ करता आला, तरी वाकलेल्या जागी नळीची भिंत चेपून कमजोर झालेली असते. असा दांडा पुन्हा वापरणे सुरक्षित समजले जात नाही.

=== ग्रॅफाइट ===

ग्रॅफाइट गंजत नाही आणि कायमचे वाकत नाही. मर्यादेपलीकडे ताण आल्यास मात्र ते पोलादाप्रमाणे वाकून पूर्वसूचना देत नाही, तर एकाएकी तुटते. तंतूंच्या दिशेने ते अत्यंत बळकट असले, तरी बाजूने बसणारा टोकदार आघात किंवा दाब त्याला सोसत नाही. कारच्या डिकीच्या झाकणाखाली सापडणे, पकडीत जास्त आवळले जाणे किंवा दुसऱ्या क्लबाचे पोलादी शीर्ष जोराने आदळणे यांमुळे आतील थर सुटू शकतात, आणि वरच्या रंगावर केवळ बारीकशी रेघ दिसते.

घर्षण हे झिजेचे दुसरे कारण होय. पिशवीच्या कडेवर दांडा सतत घासला गेल्यास प्रथम रंग, मग राळ आणि शेवटी तंतू कापले जातात. रंगाचा थर शोभेपुरता नसून सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपासून तो राळेचे रक्षण करतो. रंग थोडा खरवडला गेल्याने दांडा निकामी होत नाही. काळे तंतू उघडे पडले असल्यास मात्र तो बदलणे इष्ट असते.

=== जोडणीतील दोष ===

अनेक दांडे पदार्थामुळे नव्हे, तर सदोष जोडणीमुळे मोडतात. होझेलच्या तोंडाची आतील कड धारदार राहिल्यास ती प्रत्येक फटक्यागणिक ग्रॅफाइटमध्ये रुतते. म्हणून ती घासून उतरती करतात. चिकटवण्यापूर्वी दांड्याच्या टोकावरील केवळ रंग काढायचा असतो. कानसताना तंतूही कापले गेल्यास टोक कमजोर होते. जुने शीर्ष काढण्यासाठी गोंद तापवावा लागतो. पोलादास ही उष्णता अपाय करीत नाही. परंतु ग्रॅफाइटमधील राळ गोंदाच्याच जातीची असल्याने अतिउष्णतेने दांडाही खराब होतो.

== निवड ==

दांड्याच्या निवडीत पुढील बाबी विचारात घेतल्या जातात.

* वजन : हलक्या दांड्याने शीर्षाचा वेग वाढण्यास मदत होते, तर जड दांड्याने अनेक खेळाडूंना लय व दिशेवर अधिक ताबा मिळतो. म्हणून दूरच्या फटक्यांच्या ड्रायव्हरमध्ये ग्रॅफाइट आणि जवळच्या, अचूक फटक्यांच्या वेजमध्ये पोलाद अधिक आढळते. पटरमध्येही पोलादी दांडे प्रचलित आहेत.
* लवचीकता : दांडे सामान्यतः एल (लेडीज), ए (सीनियर), आर (रेग्युलर), एस (स्टिफ) व एक्स (एक्स्ट्रा स्टिफ) या अक्षरांनी दर्शवतात. ड्रायव्हरच्या शीर्षाचा वेग ताशी सुमारे १३५ ते १५५ कि.मी. असल्यास आर आणि त्याहून अधिक असल्यास एस, असा स्थूल संकेत आहे. या अक्षरांसाठी सर्व उत्पादकांनी पाळावयाचे सामाईक मानक नाही. त्यामुळे एका उत्पादकाचा आर दांडा दुसऱ्याच्या एस दांड्याइतका ताठर असू शकतो.
* पीळ : ठराविक बल लावल्यावर दांडा किती अंश पिळतो यावरून हा गुण मोजतात. कमी पिळाचा दांडा वेगवान खेळाडूंना सहसा अधिक मानवतो.
* कंपने : चेंडू शीर्षाच्या मध्यावर न लागल्यास जाणवणारा झटका ग्रॅफाइटमध्ये सौम्य होतो. कोपर, मनगट किंवा बोटांच्या सांध्यांचा त्रास असलेल्या खेळाडूंना म्हणून ग्रॅफाइटचा सल्ला देतात. याउलट, फटका कसा बसला हे हातांना स्पष्ट कळावे म्हणून अनेक कुशल खेळाडू आयर्नमध्ये पोलाद पसंत करतात.
* किंमत : समान दर्जाचा ग्रॅफाइट दांडा पोलादी दांड्याहून सामान्यतः महाग असतो.

वेग कमी असलेले, वयस्कर व बाल खेळाडू बहुधा पूर्ण संच ग्रॅफाइटचा घेतात. इतर अनेकांच्या संचात वुड ग्रॅफाइटचे व आयर्न पोलादाचे असतात. आयुर्मान हा या निवडीचा निर्णायक निकष क्वचितच ठरतो, कारण योग्य निगा राखल्यास दोन्ही प्रकारचे दांडे अनेक वर्षे टिकतात.

== नियम ==

नियमांनुसार दांडा सरळ असावा लागतो. तो सर्व दिशांना सारखाच वाकला पाहिजे आणि दोन्ही बाजूंना सारखाच पिळला गेला पाहिजे. क्लबची लांबी किमान ४५.७ सें.मी. (१८ इंच) आणि, पटर वगळता, कमाल १२१.९ सें.मी. (४८ इंच) असावी लागते. २०२२ पासून व्यावसायिक व उच्चस्तरीय स्पर्धांच्या आयोजकांना ही कमाल मर्यादा स्थानिक नियमाद्वारे ११६.८ सें.मी. (४६ इंच) करता येते.

२०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार, फेरी चालू असताना क्लबचे नुकसान झाल्यास तो दुरुस्त करता येतो किंवा बदलता येतो. मात्र रागाने आपटणे वा फेकणे यांसारख्या गैरवापरामुळे खेळाडूनेच नुकसान केले असल्यास त्याला ही सवलत मिळत नाही.

== निगा व तपासणी ==

फटक्याच्या भरात दांडा मोडल्यास शीर्ष वेगाने दूर फेकले जाते आणि हातात राहिलेल्या तुकड्याच्या अणकुचीदार कडेने इजा होऊ शकते. त्यामुळे ठराविक काळाने तपासणी करणे आवश्यक मानले जाते.

पोलादी दांडे खेळानंतर कोरडे पुसून ठेवावेत. गंजाचे डाग, फुगलेला मुलामा व बाक यांकडे लक्ष द्यावे. ग्रॅफाइटच्या दांड्यावरून कापसाचा बोळा फिरवल्यास उघडे पडलेले तंतू त्यात अडकतात. मूठ व शीर्ष धरून दांडा हलकेच पिळल्यावर करकर ऐकू आल्यास आतील थर किंवा गोंदाचा सांधा सुटल्याची शंका घ्यावी. वुडच्या शीर्षांवर आवरणे घातल्याने शेजारच्या दांड्यांवरील आघात टळतात. क्लब उन्हात बंद मोटारीत दीर्घकाळ ठेवल्यास सांध्यातील गोंद कमजोर होऊ शकतो. विमानप्रवासात शीर्षांपेक्षा उंच असा ताठ आधार पिशवीत ठेवल्यास वरून येणारा दाब दांड्यांवर पडत नाही. तडा गेलेला ग्रॅफाइट दांडा किंवा एकदा वाकलेला पोलादी दांडा दुरुस्त न करता बदलणे हाच सुरक्षित मार्ग होय.