जोसेफ केनेडी तिसरे
रॉबर्ट केनेडींचे नातू. २०१३ ते २०२१ मॅसॅच्युसेट्समधून प्रतिनिधीगृहाचे डेमोक्रॅटिक सदस्य. जानेवारी २०१८मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या ‘स्टेट ऑफ द युनियन’ भाषणाला पक्षातर्फे उत्तर देताना ते फॉल रिव्हरच्या तंत्रशाळेत, बॉनेट उघडलेल्या मोटारीपुढे उभे होते. चर्चा मात्र त्यांच्या ओठांवर चकाकणाऱ्या लिप बामचीच जास्त झाली.   सप्टेंबर २०२०मध्ये सिनेटच्या उमेदवारीसाठी त्यांनी स्वपक्षाच्याच एड मार्कींना आव्हान दिले आणि ते पडले. मॅसॅच्युसेट्समध्ये निवडणूक हरणारे घराण्यातले हे पहिलेच. गंमत म्हणजे तरुण, पुरोगामी मतदार ७४ वर्षांच्या मार्कींच्या पाठीशी उभे राहिले; पर्यावरणविषयक ‘ग्रीन न्यू डील’ ठराव मार्कींनी प्रतिनिधीगृहाच्या सदस्य अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ यांच्यासह मांडला होता.