आमवात, बदललेली प्रथिने आणि रक्ताची गुठळी

शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर हल्ला करू लागते, तेव्हा उद्भवणाऱ्या विकारांना स्वयंप्रतिकार रोग म्हणतात. आमवात अर्थात ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा त्यांपैकी एक. या आजारात सांध्यांची हानी होतेच. शिवाय रक्तवाहिन्यांत गुठळी होण्याचा धोकाही सर्वसामान्यांहून अधिक असतो. या धोक्याचा एक दुवा प्रथिनांच्या रचनेतील सूक्ष्म बदलात आहे.

प्रथिने अमायनो आम्लांच्या साखळ्यांनी बनतात. पीएडी नावाची विकरे कॅल्शियमच्या साहाय्याने प्रथिनातील आर्जिनिनचे सिट्रुलिनमध्ये रूपांतर करतात आणि आर्जिनिनवरील धनभार नाहीसा होतो. हे सिट्रुलिनीकरण निरोगी शरीरातही घडते. दाह असल्यास त्याचे प्रमाण वाढते. आमवाताच्या अनेक रुग्णांत अशा प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. अँटी-सीसीपी या रक्तचाचणीत ती आढळतात. २०१० च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण-निकषांत या प्रतिपिंडांचा समावेश आहे.

रक्त गोठताना थ्रॉम्बिन हे विकर फायब्रिनोजेनच्या साखळ्या आर्जिनिनपाशी कापते व त्यातून फायब्रिनचे धागे तयार होतात. त्या जागी सिट्रुलिन आल्यास थ्रॉम्बिनला साखळी कापता येत नाही. त्यामुळे प्रयोगशाळेत सिट्रुलिनयुक्त फायब्रिनोजेनपासून गुठळी नीट बनत नाही.

मग रुग्णाला धोका कशामुळे? हा बदल एकाच प्रथिनापुरता मर्यादित नसतो, हे त्याचे एक कारण. थ्रॉम्बिनला आवर घालणारे अँटिथ्रॉम्बिन सिट्रुलिनीकरणाने दुबळे होते. बिंबिकांना चिकटवून ठेवणाऱ्या फॉन विलेब्रँड घटकाचे तुकडे करणारे विकरही निष्प्रभ होते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूंना पकडण्यासाठी डीएनएची जाळी बाहेर टाकतात, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून उघड झाले. ही जाळी उलगडण्यात पीएडी-४ या विकराचा वाटा असतो आणि तिच्यात बिंबिका व तांबड्या पेशी अडकून गुठळीला आधार मिळतो. शिवाय दाहामुळे यकृत अधिक फायब्रिनोजेन बनवते. अशा रीतीने गोठण्याला चालना देणाऱ्या शक्ती वरचढ ठरतात.

धूम्रपानाने फुप्फुसांतील सिट्रुलिनीकरण वाढते, म्हणून आमवाताच्या रुग्णांनी ते वर्ज्य करावे. दाह नियंत्रणात ठेवणारे उपचार नियमित घ्यावेत. एका पायाला अचानक सूज व वेदना, छातीत दुखणे किंवा धाप लागणे ही लक्षणे सांधेदुखीचाच भाग समजून अंगावर काढू नयेत. तातडीने रुग्णालय गाठावे.